ब्रिटिश सिटकॉममधला हशा खोटा नसतो : प्रेक्षकांसमोर मालिका बनते कशी?

अनया

'फॉल्टी टॉवर्स', 'येस मिनिस्टर', 'डॅड्स आर्मी' या जुन्या ब्रिटिश विनोदी मालिकांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "बाकी सगळं झकास, पण मागे टेप लावून हसवतात ते डोक्यात जातं." हे ऐकलं की मला राहवत नाही. तो हशा टेपवरचा नाही. लंडनच्या बीबीसी टेलिव्हिजन सेंटरमध्ये त्या संध्याकाळी तीनेकशे माणसं सेटसमोर बसली होती, त्यांचा तो हशा आहे.

मी या मालिका पहिल्यांदा पाहिल्या त्या पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीतून आणून. तेव्हापासून हे सगळं बनतं कसं याचा नाद लागला. थोडक्यात सांगायचं तर आठवड्याला एक भाग. आधी टेबलाभोवती बसून वाचन, मग तालमी. १९७० पासून बीबीसीच्या तालमी नॉर्थ अॅक्टनमधल्या एका उंच इमारतीत व्हायच्या. कलाकार तिला लाडानं 'अॅक्टन हिल्टन' म्हणायचे. तिथे सेट नसे. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवून भिंती आखायच्या आणि दाराच्या जागी खांब उभे करायचे. आठवड्याच्या शेवटी कॅमेरा, प्रकाश आणि ध्वनीचे प्रमुख येऊन पूर्ण तालीम बघत. रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळपासून खऱ्या सेटवर कॅमेऱ्यांसकट तालीम, मग रंगीत तालीम, साडेसातच्या सुमारास प्रेक्षक आत, आणि रात्री दहाच्या ठोक्याला काम बंद. म्हणजे अर्ध्या तासाचा भाग जेमतेम दोन तासांत उरकायचा, तोही लोकांसमोर.

माझं म्हणणं असं, की हे प्रेक्षक नंतर चिकटवलेली सजावट नव्हते. लिखाण, सेटची मांडणी, नटाचं थांबणं, सगळं त्यांच्याभोवती बेतलेलं होतं. समोर कोणी नसतं तर हे भाग असे झालेच नसते. तुम्हाला काय वाटतं? आणि कोणी असं रेकॉर्डिंग प्रत्यक्ष पाहिलं असेल तर जरूर लिहा.

चिंतामणी_ठाणे

मस्त धागा! वाचनखूण साठवली आहे. सविस्तर प्रतिसाद रात्री.

विंगेतला

अनयाताई, मी हौशी आणि नंतर काही वर्षं व्यावसायिक नाटकांतून कामं केली, त्यामुळे यावर बोलावंसं वाटतं. हशा आला की थांबायचं, पण रिकामं थांबायचं नाही. हातात कप असेल तर कपाशी काहीतरी चालू ठेवायचं आणि हशा उतरणीला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. तो पूर्ण विरेपर्यंत थांबलात तर प्रसंग थंड पडतो. आधीच बोललात तर वाक्य खाल्लं जातं, आणि सहकलाकार विंगेत गाठून विचारतो, "माझा लाफ्टर का तोडलास?"

आता 'फॉल्टी टॉवर्स'मध्ये हॉटेलवाला बेसिल झालेला जॉन क्लीझ बघा. फोनवर कोणीतरी बोलतंय, हा ऐकतोय, हशा चालू आहे, आणि तेवढ्यात मान, भुवया, ओठ यांनी आणखी दोन हशे काढतो. हे संकलनाच्या टेबलावर करता येत नाही. समोर माणसं असली तरच ते सुचतं.

पण नाटकापेक्षा एक गोष्ट फार अवघड आहे. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. इथे प्रेक्षक समोर लांब बसलेत आणि कॅमेरा पाच-सहा फुटांवर. प्रेक्षकांसाठी मोठं केलं तर पडद्यावर ओरडल्यासारखं दिसतं, कॅमेऱ्यासाठी लहान केलं तर समोरचे हसत नाहीत. ही कसरत दर आठवड्याला नव्या संहितेवर! आमच्या नाटकाला पंचवीस प्रयोगांनंतर कुठे सूर सापडायचा. यांना एकच प्रयोग मिळायचा.

रानफूल

+१ विंगेतला. 'पूर्ण विरेपर्यंत थांबलात तर थंड' हे अगदी पटलं.

सई_स्लाउ

मी पाहिलंय! टेडिंग्टनचे स्टुडिओ बंद होण्याच्या काही वर्षं आधी. तिकीट फुकट असतं, फक्त नाव नोंदवावं लागतं. मात्र खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं वाटतात, कारण फुकट म्हटल्यावर बरेचजण येतच नाहीत. त्यामुळे लवकर जाऊन रांगेत उभं राहायचं. मी आणि माझी नणंद डबा घेऊन गेलो होतो.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती सेटची लांबी. दिवाणखाना, त्याच्या शेजारी स्वयंपाकघर, त्याच्या शेजारी दारूचा गुत्ता, सगळे एका ओळीत आणि चौथी भिंत कुणालाच नाही. त्यांच्या आणि आपल्या मध्ये कॅमेऱ्यांची धावपट्टी. गंमत म्हणजे प्रसंग ऐन रंगात आला की नेमके कॅमेरे आणि बूम (माइक लावलेले लांब दांडे) आडवे येतात, म्हणून डोक्यावर मॉनिटर टांगलेले असतात. आम्ही अर्धा वेळ नटांकडे आणि अर्धा वेळ मॉनिटरकडे बघत होतो.

सुरुवातीला एक विनोदवीर येऊन लोकांना खुलवतो. कोण कुठून आलंय विचारतो. आम्ही 'सोलापूर' म्हणून सांगितल्यावर त्यानं ते इतक्या प्रेमानं आणि इतकं चुकीचं उच्चारलं की नणंद हसून हसून पाणी पाणी झाली. पण त्याचं खरं काम मधल्या वेळेत असतं. कपडे बदलायला, कॅमेरे हलवायला वेळ लागतो. तेवढ्यात लोक थंड पडू द्यायचे नाहीत.

एका नटाचं वाक्य चुकलं आणि तो प्रसंग परत घेतला. आम्हाला शेवट माहीत होता, तरी लोक हसले, बहुतेक पहिल्यापेक्षाही मोठ्यानं. चूक बघितल्यावर तो माणूस आपला वाटायला लागतो, म्हणून असेल.

चौकस

सईताई, म्हणजे दुसऱ्यांदा हसलात ते सौजन्य म्हणून! मग तो हशा खरा कसा?

मला हा प्रकारच आवडत नाही, स्पष्ट सांगतो. 'द रॉयल फॅमिली' १९९८ मध्ये आली, 'द ऑफिस' २००१ मध्ये. दोन्हींत प्रेक्षक नाहीत, हशा नाही, आणि दोन्ही ग्रेट. शांततेतला अवघडलेपणा तुम्हाला एकट्यानं सोसावा लागतो. तिथे तीनशे माणसं हसली असती तर सगळा अवघडलेपणा निघून गेला असता. अमेरिकन 'मॅश' बीबीसी टूवर हशा काढूनच दाखवत, आणि ती तशीच चांगली वाटते. प्रेक्षक हा टेलिव्हिजनला नाटकाकडून आणि रेडिओकडून मिळालेला वारसा होता. तंत्र बदललं, गरज संपली.

अनया

चौकस, 'द ऑफिस' मलाही अतिशय आवडते. पण ती तशी लिहिलीच होती. उलटं करून बघा: 'फॉल्टी टॉवर्स'चा हशा काढून टाका. मग क्लीझ अधूनमधून विनाकारण थबकलेला दिसेल, कारण त्या जागा हशासाठीच सोडलेल्या आहेत. 'मॅश'ची गोष्ट वेगळी. ती एका कॅमेऱ्यानं, प्रेक्षकांविना चित्रित झाली आणि हशा नंतर वरून लावला. तो काढला तर काही बिघडत नाही, कारण आत कुणी थांबलेलंच नव्हतं.

मधुरा_के

एक भाबडा प्रश्न. या जुन्या मालिकांत माणसं घरात असतात तेव्हा चित्र एक दिसतं आणि बाहेर रस्त्यावर आली की एकदम दाणेदार, मळकट, वेगळंच दिसतं. आमच्या घरी तर आई म्हणायची, कॅसेट खराब आहे!

तंत्रज्ञ_निवृत्त

कॅसेट बरोबर होती, मधुरा. स्टुडिओतलं सगळं इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांनी थेट व्हिडिओ टेपवर जायचं. ते जड कॅमेरे बाहेर नेणं कटकटीचं, म्हणून बाहेरचे प्रसंग काही आठवडे आधीच १६ मिलिमीटर फिल्मवर घेऊन यायचे. फिल्मवर सेकंदाला २५ चित्रं, व्हिडिओवर ५० अर्धचित्रं (फील्ड). म्हणून घरात हालचाल गुळगुळीत दिसते आणि दारातून बाहेर पडताक्षणी जग बदलतं. माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूतल्या मंडळींनी यावरच एक प्रहसन केलं होतं. खोलीतले लोक खिडकी-दारातून डोकावतात आणि घाबरून सांगतात की आपल्याला फिल्मनं वेढलंय!

त्या फिल्म रेकॉर्डिंगच्या रात्री मॉनिटरवर प्रेक्षकांना योग्य क्रमानं दाखवायच्या, म्हणजे गोष्ट सलग कळते आणि त्यांवरचा हशाही त्याच रात्री मिळतो. 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस'मधला १९८२चा झुंबराचा प्रसंग आठवा. डेल आणि रॉडनी शिडीवर चढून एका झुंबराखाली कापड धरून उभे, वरून आजोबा पेच सैल करतात आणि पलीकडचं दुसरंच झुंबर खाली येऊन फुटतं. तो प्रसंग एका खऱ्या हवेलीत घेतलाय. झुंबर एकच, त्यामुळे दुसरी संधी नाही, आणि घेताना एकालाही हसायची मुभा नाही. प्रेक्षकांचा स्फोट नंतर स्टुडिओत झालाय. फिल्म संकलित करणाऱ्यानं हशाला किती जागा सोडायची हे आधीच ताडायचं असतं. आवाजाच्या बाबतीत याला मी या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य मानतो.

आता ध्वनीचं. मी हयातभर हेच केलं, म्हणून जरा लांबण लावतो. नटांच्या अंगावर मायक्रोफोन नसायचे. चाकाच्या गाडीवरच्या लांब बूमला माइक लावून तो नटांच्या डोक्यावर, चौकटीच्या जेमतेम बाहेर फिरवायचा. प्रेक्षकांना संवाद ऐकू यावे म्हणून त्यांच्या डोक्यावर स्पीकर, आणि हशा टिपायला तिथेच टांगलेले वेगळे माइक. स्पीकरचा आवाज वाढवला की तो या माइकमध्ये शिरतो आणि संवाद विहिरीतून आल्यासारखे वाटतात. कमी केला तर मागच्या रांगेला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही तर हसणार कोण? ध्वनिमुद्रक रात्रभर एका हातात नट आणि दुसऱ्या हातात प्रेक्षक घेऊन बसलेला असतो.

आणि चौकस, दोन वेळा घेतलेल्या प्रसंगांचा हशा जोडताना थोडी साफसफाई करतात, हे खरं आहे. नाहीतर जोडावर आवाज तुटतो. म्हणून हसलेली माणसं खोटी होत नाहीत.

चिंतामणी_ठाणे

वा काका! यात भर म्हणून. सुरुवातीला हे सगळं थेट प्रक्षेपण असायचं. विनोदी नट टोनी हॅनकॉकची मालिका १९५६ला सुरू झाली तेव्हा ती थेट जात होती. एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना कपडे बदलायला सवड हवी म्हणून लेखक गॅल्टन आणि सिम्पसन यांना संहितेत मध्येच दुसऱ्याच पात्रांचा प्रसंग घालावा लागे. मग १९५९च्या सुमारास निर्माता डंकन वुडनं टेपवर तुकड्यांत रेकॉर्डिंग सुरू केलं. तेव्हा संकलन म्हणजे दोन इंची टेप खरोखर ब्लेडनं कापून जोडायची. त्यामुळे कापाकापी कमीत कमी. यातून एक सवय पडली ती पुढे टिकली: प्रसंग शक्यतो सलग, नाटकासारखा करायचा.

हॅनकॉकचा 'द ब्लड डोनर' (१९६१) पाहिलाय का कुणी? आधी त्याला मोटार अपघात झाला होता, संहिता पाठ करायला वेळ मिळाला नाही, म्हणून तो संवाद लिहिलेले फलक वाचतोय. नजर समोरच्या नटाच्या खांद्यावरून पलीकडे जाते ते स्पष्ट दिसतं. आणि तरी प्रेक्षक त्याच्या मुठीत आहेत.

रानफूल

अवांतर: या टेपा महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायचे हे खरं का?

चिंतामणी_ठाणे

दुर्दैवानं खरं. 'डॅड्स आर्मी'च्या दुसऱ्या सत्रातले तीन भाग आजही सापडलेले नाहीत. ज्यांना पुन्हा दाखवायची शक्यता नाही असं तेव्हा वाटलं, ते गेले. मला हे वाचून फार हळहळ वाटली होती.

पद्मजा_नाशिक

'माइंड युअर लँग्वेज' कोणालाच आठवली नाही? लंडन वीकेंड टेलिव्हिजनची, १९७७ची; परदेशी लोकांच्या इंग्रजीच्या वर्गावरची. आमच्या पिढीनं भाड्याच्या कॅसेटवर पारायणं केली. पुढे दूरदर्शनवर पंकज कपूरची 'जबान संभाल के' आली ती तिच्यावरूनच.

अलीकडे परत पाहिली आणि थोडी खट्टू झाले. शीख, पाकिस्तानी, चिनी, जपानी, प्रत्येकाचं एकच खेळणं करून ठेवलंय. आणि समोरच्या लोकांचा हशा ऐकताना वाटतं, हे नेमकं कशाला हसतायत? भाषेच्या गोंधळाला की माणसाच्या रंगाला? हशा खरा असला तरी तो त्या काळाच्या त्या लोकांचा आहे, हेही ध्यानात घ्यायला हवं.

चौकस

पद्मजाताई, अगदी मनातलं. प्रेक्षक समोर असले की लेखक त्यांना लगेच हसवणाऱ्या गोष्टीकडे झुकतो. ठरलेलं वाक्य, ठरलेला उच्चार. लोक वाटच बघत असतात.

विंगेतला

झुकतो, मान्य. पण समोरचा प्रेक्षक झोपाळू संहिताही त्याच रात्री उघडी पाडतो. निर्मात्याच्या खोलीत दहाजण मान डोलावतील. तीनशे अनोळखी माणसं डोलावत नाहीत.

आणि सगळेच विनोद ठरलेले नसतात. 'डॅड्स आर्मी', म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या गावच्या स्वयंसेवक तुकडीची गोष्ट. तिच्यातला १९७३चा तो पकडलेल्या जर्मन पाणबुडीच्या कप्तानाचा भाग घ्या. कप्तान युद्धानंतर हिशेब चुकता करण्यासाठी नावांची यादी करतोय. पोरगेलासा पाइक हिटलरवर टवाळीचं गाणं म्हणतो. कप्तान विचारतो, "तुझंही नाव यादीत येणार, काय नाव तुझं?" आणि तुकडीचा प्रमुख मेनवॉरिंग (नट आर्थर लो) झटक्यात म्हणतो, "सांगू नकोस त्याला, पाइक!" आर्थर लो ते वाक्य विनोद म्हणून अजिबात टाकत नाही. शिस्तीच्या अधिकाऱ्याच्या काळजीनं टाकतो. लोकांच्या लक्षात यायला एक क्षण जातो आणि मग छप्पर उडतं. तो क्षणभराचा उशीर मला फार प्रिय आहे. एवढी माणसं एकाच वेळी विचार करतायत ते ऐकू येतं.

नीलेश_प

'येस मिनिस्टर'मध्ये उलट घडतं. मंत्र्याचा सचिव सर हम्फ्री याचं ते न संपणारं वाक्य नायजेल हॉथॉर्न एका दमात म्हणतो आणि शेवटी लोक टाळ्या वाजवतात. नाटकात स्वगताला पडतात तशा. मंत्री गोंधळलेला चेहरा करून उभा. दिग्दर्शकाला पुढचं वाक्य थांबवावं लागतं. तिची हिंदी आवृत्ती, फारुख शेखची 'जी मंत्रीजी', मी आवडीनं पाहिली, पण त्या टाळ्यांची मजा मला मूळ मालिकेतच सापडली.

अनया

सगळ्यांचे खूप आभार. चौकस यांना एक पुरावा द्यायचाय, तो म्हणजे 'ब्लॅकअॅडर'. दर सत्रात वेगळ्या ऐतिहासिक काळात घडणारी विनोदी मालिका. पहिलं सत्र १९८३चं. इंग्लंडमधल्या अॅनिक (Alnwick) किल्ल्यावर चित्रण, घोडे, बर्फ, खर्चिक. प्रेक्षक समोर नाहीत. नंतर तयार भाग लोकांना दाखवून हशा घेतला. बीबीसीला खर्च झेपेना. १९८६चं दुसरं सत्र मंजूर झालं ते स्वस्तात करायच्या अटीवर: स्टुडिओ, मोजके सेट, समोर प्रेक्षक. बेन एल्टन लेखनात आला. आणि रोवन अॅटकिन्सनचं पात्र गडबड्या मूर्खाचं बदलून धारदार जिभेचं झालं. किल्ला गेल्यावर वाक्यांवरच सगळा भार आला, आणि वाक्यं तासली गेली. तीच मंडळी, तेच नाव, फक्त जागा आणि प्रेक्षक बदलले.

चौकस

हा मुद्दा जोरदार आहे. पण लेखकही बदलला ना! श्रेय कोणाला द्यायचं? शिवाय त्याच मालिकेचा १९८९चा शेवट बघा. पहिल्या महायुद्धातल्या खंदकातून सगळे वर चढतात, चित्र मंदावतं, रणभूमीची लाल पॉपीची फुलं होतात. तिथे हशाचा मागमूस नाही. सर्वांत थोर क्षण प्रेक्षकांविनाच आला.

तंत्रज्ञ_निवृत्त

चौकस, तिथे शांतता एवढी जड वाटते ती त्याआधी पंचवीस मिनिटं लोक हसत होते म्हणून. शेवटच्या खंदकातल्या गप्पांत हशा हळूहळू कमी होत जातो, ऐका पुन्हा एकदा. प्रेक्षकांना कोणी गप्प बसा म्हणालं नव्हतं. संहितेनं गप्प केलं.

सई_स्लाउ

काका, काटा आला वाचताना. आजच बघते.

आणि प्रेक्षक नेहमी साथ देतात असंही नाही हं! 'फॉल्टी टॉवर्स'च्या 'द बिल्डर्स' या भागाच्या रात्री आइसलँडच्या रेडिओ-टीव्हीवरून आलेल्या पाहुण्यांचा मोठा गट पुढच्या रांगांत बसवला होता. क्लीझ सांगतात की माणसं अतिशय छान, सौजन्यशील, आणि अजिबात हसत नव्हती. भाग ऐकला तर हशा इतरांपेक्षा पातळ वाटतोच.

चौकस

हे मात्र भारी! म्हणजे टेपवरचा असता तर पातळ झालाच नसता. घ्या अनयाताई, तुमचा मूळ मुद्दा सईताईंनी सिद्ध केला. हशा खरा, मान्य. आवडीचं मात्र माझ्याकडे राहू द्या.

मधुरा_के

मग सुरुवात कुठून करू? मी फक्त तुकडे पाहिलेत.

अनया

मधुरा, 'फॉल्टी टॉवर्स'चे एकूण बाराच भाग आहेत, सहा १९७५चे आणि सहा १९७९चे. १९७९मधला 'द किपर अँड द कॉर्प्स' लाव. हॉटेलात एक पाहुणा झोपेत मरतो आणि बेसिल ते लपवत सुटतो. पहिल्यांदा नुसता बघ. दुसऱ्यांदा बघताना आवाज चालू ठेवून चित्राकडे पाठ कर, आणि हशावरून ओळख की आता प्रेत कुठल्या दाराशी आलंय. मला बहुतेक जागा ओळखता आल्या.

मधुरा_के

शनिवारी आईला घेऊन बसते. कॅसेट खराब नव्हती हेही सांगते तिला.